आधी पाणी, मग व्होल्टेज, शेवटी स्कॅनर: मुंबईत जुनी लक्झरी गाडी घेताना इलेक्ट्रिकल दोष कसे शोधाल

एका श्रावणात शेजारच्या सोसायटीतले एक काका सकाळी सातलाच दारात आले. आठ दिवसांपूर्वी त्यांनी सात वर्षं जुनी जर्मन सेडान घेतली होती आणि त्या सकाळी ती रिमोटला दाद देत नव्हती. "अरे, स्कॅन रिपोर्ट आहे माझ्याकडे, एकही फॉल्ट नाही त्यात," म्हणत त्यांनी चार पानं माझ्या हातात दिली. रिमोटच्या आत असलेल्या धातूच्या किल्लीने गाडी उघडली आणि डिकीतली मॅट उचलली. स्टेपनीच्या खड्ड्यात चार बोटं पाणी होतं. बाजूला बसवलेलं एक मॉड्यूल, म्हणजे गाडीतला एक छोटा संगणक, त्यात अर्धं बुडालेलं, कपलरच्या (वायरींच्या जोडणीच्या) पिना हिरव्या पडलेल्या. मग मी रिपोर्ट शांतपणे वाचला. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: कोड काढल्यापासून गाडी चालली ३ किलोमीटर. म्हणजे सकाळी गाडीच्या संगणकांनी नोंदलेले दोषांचे कोड उडवले, गाडी जवळपास फिरवून आणली आणि मग रिपोर्ट छापला.

मी वीस वर्षांहून जास्त काळ गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. जुनी लक्झरी गाडी घेणारे बहुतेक लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, रंग बघतात, टायर बघतात आणि इलेक्ट्रिकलचं काम स्कॅनरवर सोडून देतात. माझा क्रम उलटा आहे. या गाड्यांमधले बरेचसे इलेक्ट्रिकल दोष पाण्यातून किंवा कमी व्होल्टेजमधून जन्माला येतात. ही दोन कारणं आधी तपासली नाहीत, तर स्कॅनर जे दाखवतो त्याचा अर्थच लागत नाही. खालचा क्रम त्यासाठीच आहे. सगळं करायला साधारण अर्धा दिवस लागतो, शेवटची चाचणी साध्या मीटरने केली तर मध्ये एक रात्रही. विक्रेता अर्धा दिवस द्यायला तयार नसेल तर मी पुढे जात नाही.

निघण्यापूर्वी

गाडीचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन ॲपवर नोंदणी, विमा आणि कर्जाचा बोजा बघा. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा पूर्ण इतिहास मागा. चेसिस नंबरवरून तो निघतो, पण मालकाने विचारावं लागतं. त्यात "वॉटर इन्ग्रेस" (आत पाणी शिरणं), "हार्नेस रिपेअर" (वायरींच्या जुडग्याची दुरुस्ती), "मॉड्यूल रिप्लेस" असे शब्द शोधा. मागच्या तीन-चार वर्षांच्या विमा पॉलिसीही मागा. क्लेम न करणाऱ्याला नो क्लेम बोनस वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वाढत मिळतो. ३५ वरून एकदम शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी कसला तरी क्लेम झालेला आहे. कसला, ते विचारा. मात्र हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो. मध्ये मालक बदलला असेल तर शून्य दिसणं स्वाभाविक आहे.

क्लेमची तारीख पावसाळ्यातली निघाली तर जास्त खोदा. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट ही पाणी तुंबण्याची आपल्याला माहीत असलेली ठिकाणं आहेत. पण महागड्या गाड्या रस्त्यापेक्षा इमारतीच्या बेसमेंटमध्ये जास्त बुडतात, आणि ते पाणी बातमीत येत नाही. बुडालेल्या गाड्या लिलावातून विकल्या जातात आणि शहर बदलतात, त्यामुळे बाहेरच्या पासिंगची गाडी असेल तर त्या शहरात कधी पूर आला होता तेही बघा. चेन्नई डिसेंबर २०१५मध्ये बुडाली होती.

सोबत घ्यायच्या वस्तू: डिजिटल मल्टिमीटर (लॅमिंग्टन रोडला साधा चांगला मीटर काही शे रुपयांत मिळतो), डोक्याला लावायची टॉर्च, छोटा आरसा, पाण्याची दोन लिटरची बाटली, आणि शक्य असेल तर डीसी मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर (वायर न सोडता तिच्याभोवती अडकवून करंट मोजायचा). बरेचसे स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, ते इथे उपयोगाचे नाहीत. घेताना विचारून घ्या.

विक्रेत्याला एकच गोष्ट आधी सांगा: "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत बॅटरीची खरी अवस्था कळते, आणि रात्री झिरपलेलं पाणीही अजून सुकलेलं नसतं.

पाणी

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी शिकाऊ होतो. नंतरचे कित्येक महिने आमच्या गॅरेजमध्ये बुडालेल्या गाड्याच होत्या. तेव्हा एक गोष्ट कायमची समजली. पाणी काढून, सीट उन्हात वाळवून दिलेल्या गाड्या गणपतीपर्यंत व्यवस्थित चालल्या आणि दिवाळीनंतर एकेक करून परत आल्या. तांब्याची वायर म्हणजे बारीक तारांची जुडी. टोकाशी पाणी लागलं की ते तारांमधल्या फटींतून, दिव्यातल्या वातीत तेल चढावं तसं, प्लास्टिकच्या आवरणाखालून आत चढतं. बाहेरून वायर कोरी करकरीत दिसते, आत तांबं काळं-हिरवं पडत जातं आणि रेझिस्टन्स वाढत राहतो. समुद्राच्या हवेत मीठ असतं, मीठ ओल धरून ठेवतं, म्हणून वरळी सी फेस, कार्टर रोड किंवा मरीन ड्राइव्हला वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत हे पूर न येताही होतं.

आता तपासायचं कसं.

दार उघडल्या उघडल्या आधी वास घ्या, एसी लावण्यापूर्वी. गाडीत अत्तर किंवा सुगंधी डब्या दोन-तीन ठेवल्या असतील तर त्या बाहेर काढा, दारं बंद करून पाच मिनिटं आत बसा. ओल्या गोणपाटासारखा वास आला तर पायाखालच्या मॅट उचला आणि कार्पेट मुठीने जोरात दाबा. वरून कोरडं असलं तरी लक्झरी गाड्यांत कार्पेटखाली जाड फोम असतो, तो आठवडेच्या आठवडे पाणी धरतो. हात ओला होतो का, ते बघा. चारही पायांच्या जागा तपासा.

प्रत्येक सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. आमचे उस्ताद हे सर्वांत आधी करायचे. शेवटचा वीतभर भाग रोजच्या वापरात कधी बाहेर येत नाही, धुणाऱ्यालाही आठवत नाही, आणि गढूळ पाण्याची रेघ तिथे तशीच राहते. मग सीट पुढे-मागे सरकवून रुळांवरचा आणि बोल्टवरचा गंज बघा. सीटखालचे कपलर आरशात बघा, पण पिवळ्या रंगाचा कपलर दिसला तर त्याला हात लावू नका. तो एअरबॅग किंवा बेल्ट टेन्शनरचा असतो.

डिकीत स्टेपनी किंवा टूलकिट काढून खड्डा बघा. दोन्ही बाजूंचे आतले पॅनेल उघडता येत असतील तर उघडा. लक्झरी गाड्यांमध्ये बॅटरी, ॲम्प्लिफायर, पार्किंग आणि मागच्या फ्यूज बॉक्सची मॉड्यूल्स बऱ्याचदा तिथेच असतात, म्हणजे गाडीतल्या सर्वांत खोलगट भागात. टेल लाइटच्या रबरातून किंवा सनरूफच्या मागच्या नळीतून आलेलं पाणी थेट त्यांच्यावर उतरतं.

सनरूफ हा स्वतंत्र विषय आहे. सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवण्यासाठी नसतंच. त्याच्या चौकटीत पाणी येतं आणि बहुतेक गाड्यांत चार कोपऱ्यांतल्या चार नळ्यांतून ते खाली जातं. माटुंगा, शिवाजी पार्क, दादर पारसी कॉलनी अशा झाडांखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत गुलमोहराच्या आणि वर्षावृक्षाच्या बारीक पानांचा चिखल होतो, नळी तुंबते आणि पाणी छताच्या अस्तरातून खांबांत उतरतं. सनरूफ उघडा, बाटलीतलं पाणी एकेका कोपऱ्यात हळूहळू ओता, साधारण एक पेला पुरे. ते अर्ध्या मिनिटात त्याच बाजूच्या चाकाजवळ खाली ठिबकायला हवं. चौकटीत साचून राहिलं तर थांबा, आणखी ओतू नका. अशीच नळी वायपरखालच्या जाळीतही असते. तिथे हात घालून पानं काढून बघा. तिथून आत गेलेलं पाणी डॅशबोर्डखालच्या मॉड्यूल्सपर्यंत पोहोचतं. त्या सेडानमध्येही शेवटी मागच्या उजव्या नळीत बोटभर काळा चिखल निघाला.

हेडलाइटमध्ये पावसाळ्यात हलकं धुकं दिसलं आणि दिवा लावल्यावर अर्ध्या तासात गेलं तर घाबरण्याचं कारण नाही. आत थेंब ओघळताना दिसले किंवा तळाला पाणी साचलं असेल तर मात्र तो युनिट खराब होणार आहे. ॲडॅप्टिव्ह एलईडी किंवा लेझर हेडलाइट दुरुस्त करणारे थोडे आणि बदलायचा खर्च मोठा, त्यामुळे भाव करताना तो पूर्ण धरा.

बॉनेटखाली उंदरांच्या खुणा बघा. लेंड्या, बॉनेटच्या आतल्या गादीचे कुरतडलेले तुकडे, आणि काळ्या टेपने गुंडाळलेल्या वायरी. कंपनीच्या हार्नेसवर कापडी टेप असते, ती खरखरीत आणि फिकी असते. चकचकीत पीव्हीसी टेप दिसली की तिथे कोणीतरी हात घातलेला आहे. एका जागी असेल तर चालतं. चार-पाच जागी असेल तर गाडी खूप काळ उभी होती असं समजा.

व्होल्टेज

पाण्याची तपासणी होईपर्यंत दारं-डिकी उघडी होती, दिवे लागले होते. म्हणून सगळं बंद करून, गाडी लॉक करून वीसेक मिनिटं थांबा. बॅटरी कुठे आहे ते आधी विचारून ठेवा. बऱ्याच बीएमडब्ल्यू आणि ऑडी गाड्यांत ती डिकीत असते, काही एसयूव्हींमध्ये पुढच्या सीटखाली. तिथपर्यंत पोहोचणं अवघड असेल तर बॉनेटखाली जंप स्टार्टसाठी दिलेल्या टर्मिनलवर मोजा.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ किंवा त्याहून थोडं वर दाखवते, एजीएम बॅटरी (ॲसिड काचेच्या मॅटमध्ये शोषलेली, महागडी) १२.८पर्यंतही. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १२च्या खाली असेल तर एक तर बॅटरी गेलेली आहे, नाही तर रात्री काहीतरी करंट खात होतं. कोणतं, ते शेवटच्या चाचणीत कळेल.

मीटर लावलेलाच ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा खाली येतो, पण तो ९.६च्या खाली जायला नको. १०च्या वर राहिला तर उत्तम. इंजिन सुरू झाल्यावर तो साधारण १३.८ ते १४.७च्या दरम्यान यायला हवा. इथे एक खोच आहे. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, संगणकावर चालतो, बॅटरी भरलेली असेल तर तो मुद्दाम कमी चार्ज करतो आणि मीटर १३च्या आसपास दाखवतो. म्हणून हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि एसीचा ब्लोअर फुल लावून पुन्हा मोजा. एवढा भार असताना आकडा घसरतच गेला तर अल्टरनेटर तपासावा लागेल. तेव्हाच मीटर एसी व्होल्टवर फिरवून बॅटरीवर लावा. ०.५ व्होल्टहून जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. असा डायोड गाडीतल्या सगळ्या मॉड्यूल्सना गोंधळात टाकतो आणि स्क्रीनवर रोज नवी वॉर्निंग दिसते.

मग अर्थिंग, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू गाडीच्या धातूला नीट जोडलेली आहे का. मुंबईत मी सर्वांत जास्त इथेच दोष पकडले आहेत, आणि हे कोणीच तपासत नाही. मीटर डीसीवर, त्याचा एक प्रोब (टोक) बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. बॅटरी डिकीत असेल तर लांब वायर जोडावी लागते. इंजिन चालू आणि सगळा भार लावलेला असताना ०.२ व्होल्टपर्यंत ठीक आहे, सेल्फ मारताना ०.५पर्यंत. जास्त असेल तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थ पट्टी गंजलेली आहे. ही पट्टी बदलायला फार खर्च येत नाही. पण ती न बदलता लोकांनी स्टार्टर बदललेले, अल्टरनेटर बदललेले, एकदा तर गिअरबॉक्सचं मॉड्यूल बदललेलं मी पाहिलं आहे.

विक्रेता सहसा इथे सांगतो, "साहेब, बॅटरी नवीनच टाकलीय." आनंद आहे, पण दोन प्रश्न विचारा. बिल आहे का, आणि बॅटरी गाडीच्या संगणकात रजिस्टर केली का? बीएमडब्ल्यूसारख्या गाड्या बॅटरीच्या वयानुसार चार्जिंग बदलतात. नवी बॅटरी रजिस्टर केली नाही तर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते. शिवाय एजीएमच्या जागी साधी स्वस्त बॅटरी बसवलेली असते तेव्हा ती बॅटरी लवकर बसते. आणि बॅटरी नेमकी विक्रीच्या आठवड्यात बदलली असेल तर का बदलली, हा प्रश्न रात्रीच्या चाचणीपर्यंत लक्षात ठेवा.

नारंगी रंगाची जाड केबल दिसली तर गाडी हायब्रिड आहे आणि त्या केबलमध्ये जीवघेणं व्होल्टेज आहे. तिथे मीटर लावू नका, कपलर सोडू नका. अशा गाडीची हाय व्होल्टेज बॅटरी अधिकृत सेंटरमध्येच तपासून घ्या.

प्रत्येक बटण, प्रत्येक दिवा

हे कंटाळवाणं आहे पण सोपं आहे. इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका. क्लस्टरवरचे, म्हणजे स्टिअरिंगमागच्या पॅनेलवरचे, एअरबॅग, एबीएस, चेक इंजिन हे दिवे लागायला हवेत आणि आपापल्या वेळेला विझायला हवेत (चेक इंजिनचा बहुधा इंजिन सुरू झाल्यावरच). एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, किंवा तो दुसऱ्या एखाद्या दिव्याबरोबर अगदी त्याच क्षणी विझला, तर कोणीतरी त्याची वायर त्या दिव्याला जोडून दोष लपवला असू शकतो. नव्या डिजिटल क्लस्टरमध्ये असं वायर जोडून करता येत नाही, तिथे स्कॅनरनेच एअरबॅग मॉड्यूलशी बोलावं लागतं.

चारही काचा प्रत्येक दारातून आणि ड्रायव्हरच्या दारातूनही वर-खाली करा. सीट प्रत्येक दिशेला शेवटपर्यंत न्या, मेमरी वापरा. डिकी बटणाने उघडा-बंद करा. डिकीचं झाकण अर्ध्यावर असताना मागचा कॅमेरा आणि नंबर प्लेटचा दिवा बघा, कारण झाकणाच्या बिजागरीजवळ रबरी नळीतून जाणारी वायर रोज वाकून वाकून आत तुटते. एसयूव्ही आणि वॅगनमध्ये हे फार होतं. ड्रायव्हरच्या दाराची वायरही तशीच.

एसीची डावी बाजू १८वर, उजवी २८वर ठेवा. दोन्हीकडे वेगळी हवा आली पाहिजे. डॅशबोर्डमागे टकटक आवाज येत राहिला तर फ्लॅपची, म्हणजे हवा वळवणाऱ्या झडपेची, मोटर गेलेली आहे. मोटर स्वस्त असते, पण डॅशबोर्ड उघडण्याची मजुरी नसते.

दोन्ही किल्ल्या मागा. दोन्हींनी लॉक, अनलॉक, डिकी आणि स्टार्ट करून बघा, कीलेस गाडीत प्रत्येक दाराच्या हँडलला हात लावून बघा. एकच किल्ली असेल तर दुसरी बनवण्याचा खर्च किमतीतून वजा करा. २००७ ते २०१४च्या सुमाराच्या काही मर्सिडीज सी आणि ई क्लासमध्ये स्टिअरिंग लॉकची मोटर जाते आणि मग किल्ली घालूनही गाडी काहीच प्रतिसाद देत नाही. त्या काळातली गाडी असेल तर किल्ली दहा-बारा वेळा लावून बघा, स्टिअरिंग सुटण्याचा आवाज अडखळतो का ऐका. त्याच काळातल्या बीएमडब्ल्यू थ्री सीरिजमध्ये फूटवेल मॉड्यूल बॅटरी बसल्यावर किंवा जंप स्टार्टनंतर बंद पडण्याचा त्रास माहीत आहे. लक्षण म्हणजे काचा, आरसे आणि बाहेरचे काही दिवे एकदम जातात. आणि कोणाला १९९२ ते १९९६च्या काळातली जुनी मर्सिडीज हवी असेल, तर इंजिनच्या हार्नेसचं आवरण बोटांनी हळूच वाकवून बघा. त्या वर्षांतल्या वायरींचं प्लास्टिक उष्णतेने बिस्किटासारखं चुरतं.

आता स्कॅनर

स्कॅनर जोडायचा ओबीडीचा सोळा पिनांचा सॉकेट ड्रायव्हरच्या पायांच्या वर, डॅशबोर्डखाली असतो. तिथे लावायचं स्वस्त ब्लूटूथ यंत्र फक्त इंजिन आणि प्रदूषणाशी संबंधित कोड वाचतं. लक्झरी गाडीत मॉड्यूल्स तीस-चाळीसच्या घरात असू शकतात, त्यांतल्या बहुतेकांपर्यंत ते पोहोचतच नाही. म्हणून त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचा स्कॅनर असलेला माणूस सोबत घ्या. बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेंट्री, ऑडीसाठी ओडिस किंवा व्हीसीडीएस. "सगळ्या मॉड्यूल्सचा पूर्ण स्कॅन" असंच सांगा आणि रिपोर्ट स्वतःच्या फोनवर घ्या.

स्वस्त यंत्राचाही एक उपयोग आहे आणि तो मोठा आहे. कोड काढल्यापासून किती किलोमीटर झाले, आणि इंजिनाच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाही, हे ते दाखवतं. कोड उडवले किंवा बॅटरी काढली की या चाचण्या शून्यावर येतात आणि पूर्ण व्हायला बऱ्याच फेऱ्या लागतात. रिपोर्ट स्वच्छ आणि चाचण्या अपूर्ण असतील तर कोड अलीकडेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढलेली आहे. काकांच्या हातातला रिपोर्ट हेच ओरडून सांगत होता.

कोडच्या पहिल्या अक्षराने जागा कळते. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे मॉड्यूल्सचं आपसातलं बोलणं तुटलेलं. यू कोड पंधरा-वीस आले तर घाबरू नका. सेल्फ मारताना बॅटरी खाली गेली की मॉड्यूल्स क्षणभर बंद पडतात आणि एकमेकांविरुद्ध तक्रार नोंदवतात. म्हणून व्होल्टेज आधी तपासायचं. पूर्ण स्कॅन जपून ठेवा, विक्रेत्याच्या परवानगीने कोड काढा, वीस-तीस किलोमीटर चालवा आणि पुन्हा स्कॅन करा. परत आलेले कोड खरे. त्यातही सगळे यू कोड एकाच मॉड्यूलकडे बोट दाखवत असतील तर ते मॉड्यूल, त्याचा फ्यूज किंवा त्याचं अर्थिंग बघा. मला सहसा अर्थिंग आणि पाणीच सापडतं.

बऱ्याच जर्मन गाड्यांत प्रत्येक कोडसोबत तो कोणत्या किलोमीटरला आला तेही नोंदलेलं असतं. मीटरवर ६२,००० आणि एखादा कोड ९१,०००ला नोंदलेला, असं दिसलं तर मीटर मागे फिरवलेलं असण्याची दाट शक्यता आहे. तिथे वाटाघाट संपते.

पूर्वीच्या काही मॉडेल्समध्ये म्युझिक, नॅव्हिगेशन, ब्लूटूथ आणि ॲम्प्लिफायर हे सगळं एका ऑप्टिकल फायबरच्या कड्यात जोडलेलं असतं. कड्यातलं एक मॉड्यूल गेलं की सगळंच गप्प होतं. अशा वेळी "स्क्रीन बदलावी लागेल" असं सांगितलं जातं, पण दोष डिकीत भिजलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये असू शकतो. मॉड्यूलच्या जागी लूप (कड्याची दोन टोकं जोडणारा तुकडा) लावून एकेक मॉड्यूल वगळत गेलं की दोषी सापडतो.

चालवून

शक्य असेल तर वरळीहून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हला जा. मलबार हिलखालचा बोगदा सुमारे दोन किलोमीटरचा आहे, तिथे ऑटो हेडलाइट आणि आतले दिवे आपोआप लागतात का ते कळतं. परत येताना पेडर रोडच्या गर्दीतून या, एसी पूर्ण थंडावर. सिग्नलला उभं असताना रेडिएटरचा पंखा लागतो का, इंजिनाचं तापमान स्थिर आहे का, स्टार्ट-स्टॉप (उभ्या गाडीचं इंजिन आपोआप बंद-चालू होणं) काम करतं का बघा. स्टार्ट-स्टॉप अजिबात चालत नसेल तर बहुतेकदा बॅटरी कमकुवत असते. खड्ड्यातून जाताना दिवा लुकलुकला किंवा स्क्रीन क्षणभर गेली, तर कुठे तरी कपलर सैल आहे. तो सापडायला दिवसही लागतात. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) असेल तर परतल्यावर चारही चाकांच्या कमानींची उंची टेपने मोजून लिहून ठेवा.

रात्रीची गळती

बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोट रिसीव्हर थोडा करंट घेतात. मॉड्यूल्स पूर्ण झोपल्यावर तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. त्याऐवजी अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, ८० अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत अर्ध्याच्या खाली येते. तुम्ही गावी चार दिवस जाऊन आलात की गाडी बंद.

मोजण्यासाठी बॉनेट किंवा डिकी उघडी ठेवावी लागते, पण गाडीला ती बंद वाटली पाहिजे. म्हणून लॉकची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद करा. काम झाल्यावर ती आठवणीने उघडा, नाहीतर झाकण आदळून लॉक वाकतं. गाडी लॉक करा, किल्ली दूर ठेवा आणि किमान चाळीस मिनिटं थांबा. काही गाड्या झोपायला तासही घेतात. मग क्लॅम्प मीटर निगेटिव्ह केबलभोवती लावा. बॅटरीची केबल सोडून मध्ये मीटर जोडण्याची जुनी पद्धत या गाड्यांवर मी वापरत नाही, त्याने मॉड्यूल्स जागी होतात आणि कधी नवा दोष निर्माण होतो. करंट जास्त असेल तर फ्यूज काढत बसू नका, त्यानेही मॉड्यूल जागं होतं. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर प्रोब टेकवा. शून्य दाखवणाऱ्या फ्यूजमधून करंट जात नाही. आकडा दाखवणारा फ्यूज ज्या सर्किटचा, तिथे गळती.

क्लॅम्प मीटर नसेल तर साधा उपाय: संध्याकाळी बॉनेट उघडून लॉकची कडी वर सांगितल्याप्रमाणे बंद करा, बॉनेट नुसतं टेकवून गाडी लॉक करा, एक तासाने जंप टर्मिनलवर व्होल्टेज मोजून लिहा, सकाळी गाडी न उघडता, फक्त बॉनेट वर करून पुन्हा मोजा. पॉइंट एकने घसरलं तर चालेल, पॉइंट तीनने घसरलं तर गळती आहे किंवा बॅटरी धरत नाही. तेव्हाच चाकांच्या कमानीही पुन्हा मोजा. एखादा कोपरा खाली बसला असेल तर हवा गळते, कॉम्प्रेसर रोज जास्त चालतो आणि काही महिन्यांत तोही जातो.

भाव करताना

दोष सापडला म्हणजे गाडी सोडायचीच असं नाही. गंजलेली अर्थ पट्टी, जुनी बॅटरी, तुटलेली डिकीची वायर, तुंबलेली नळी, फ्लॅपची मोटर, हे सगळं दुरुस्त होतं आणि भाव पाडायला कामी येतं. कार्पेटखाली ओल आणि मॉड्यूलच्या पिना हिरव्या, सीट बेल्टवर गढूळ रेघ, एअरबॅगशी छेडछाड, किंवा किलोमीटरची तफावत दिसली तर मी स्वतः कितीही स्वस्त मिळाली तरी घेणार नाही.

"मॉड्यूल गेलं तर कुर्ल्याहून जुनं आणून बसवू," असं कोणी म्हटलं तर सावध राहा. सीएसटी रोडच्या बाजारात पार्ट मिळतात, पण या गाड्यांतली बरीच मॉड्यूल्स चेसिस नंबरला बांधलेली असतात. ऑडीमध्ये कॉम्पोनंट प्रोटेक्शन असतं, दुसऱ्या गाडीतलं मॉड्यूल लावलं तर ते कंपनीच्या सर्व्हरशी जोडून मोकळं करेपर्यंत नीट चालत नाही. म्हणून कुठलाही बदल भावात धरताना नवीन मॉड्यूल, कोडिंग आणि मजुरी अशी तिन्ही रक्कम लेखी घ्या.

गाडी घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात चार कामं करा. सनरूफच्या आणि वायपरखालच्या नळ्या साफ करून घ्या, पण कॉम्प्रेसरची जोराची हवा मारू नका, नळी आतल्या आत सुटते. मऊ नायलॉनची दोरी घाला. बॅटरी रजिस्टर आहे का तपासा. अर्थ पट्टीचे बोल्ट सोडून, घासून, गंजरोधक लावून पुन्हा घट्ट करा. आणि त्या दिवशीचा पूर्ण स्कॅन जपून ठेवा. काकांच्या सेडानचं मॉड्यूल शेवटी नवीनच घ्यावं लागलं. जुन्या मालकाने फोन उचलला नाही. आता ते दर जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी माझ्याकडे आणतात आणि आम्ही दोघं मिळून सनरूफच्या चारही कोपऱ्यांत बाटलीने पाणी ओतून बघतो.